प्लास्टिकच्या नळीवर जिवंत मांसाचं पांघरूण



मागच्या अंकात मधुमेह्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी ते लिहिलं होतं. तो लेख वाचून ठाण्याच्या एका भगिनीचा फोन आला. तिच्या वडिलांच्या पायात रक्त पोहोचावं म्हणून वर्षभरापूर्वी प्लास्टिकची नळी बसवली आहे. आता जांघेतल्या टाक्यांतून लस येते आहे. सर्जन म्हणाले, नळीला जंतू लागलेत, मांडीतला स्नायू वळवून नळीवर घालावा लागेल. ती मला विचारत होती, "मावशी, नळी सडली असेल तर ती काढून टाकायची सोडून तिच्यावर मांस कशाला घालतात? घाण झाकून ठेवल्यासारखं नाही का ते?"

मी तीस वर्षं मुंबईत सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते, तरी दोन वर्षांपूर्वी इथे अ‍ॅशबर्नला एका सर्जनसमोर बसून मी अगदी हाच प्रश्न विचारला होता. कारण तेव्हा पलंगावर आमचे हे होते. म्हणून या वेळचं सदर त्या भगिनीला उत्तर म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही, आणि हे वाचून कुणी औषधोपचार ठरवू नयेत. पण डॉक्टर काय बोलतात ते समजायला याचा उपयोग व्हावा.

आमच्या ह्यांना वीस वर्षांपासून मधुमेह. तरुणपणी लोकलच्या दारात उभं राहून ओढलेल्या सिगारेटी त्याहून जुन्या. चालताना पोटरीत गोळा यायचा, दोन मिनिटं उभं राहिलं की जायचा. पुढे रात्री झोपेतही पाय दुखायला लागला, अंगठ्याची जखम भरेना. मांडीतली मुख्य धमनी चुन्याने भरून बंद झाली होती. अशा वेळी जांघेतल्या धमनीपासून गुडघ्याजवळच्या धमनीपर्यंत पर्यायी रस्ता काढतात, त्यालाच पायाचा बायपास म्हणतात. त्यासाठी सगळ्यात चांगली नळी म्हणजे स्वतःच्याच पायाची लांब शीर. पण ह्यांची ती शीर आधीच हृदयाच्या बायपासला वापरून झाली होती. म्हणून कृत्रिम नळी घातली.

या कृत्रिम नळ्यांची गोष्ट गमतीची आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. आर्थर व्हुरहीस यांनी विनयॉन नावाच्या कापडाच्या नळीचा उपयोग धमनीच्या जागी करता येतो हे दाखवलं. पुढे ह्यूस्टनचे डॉ. मायकेल डीबेकी दुकानात नायलॉन घ्यायला गेले, तिथे नायलॉन नव्हतं, म्हणून डेक्रॉनचं कापड घेऊन आले आणि घरच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे आपल्या टेरिलीनच्या शर्टांचाच भाऊबंद. ह्यांना बसवलेली नळी दुसऱ्या जातीची, नॉनस्टिक तव्यावर जो लेप असतो त्याच पदार्थाची. तो पदार्थ तापवून झटक्याने ताणला की त्यात असंख्य बारीक छिद्रं पडतात, हे १९६९ मध्ये बॉब गोर यांच्या लक्षात आलं. आज जगभर लाखो पाय या नळ्यांवर चालतात, त्यामुळे त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्यांच्यात एक उणीव आहे, आणि सगळा विषय तिच्यावरच उभा आहे.

आपल्या धमनीच्या भिंतीत स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात. तिथे जंतू आले तर पांढऱ्या पेशी तिथवर जातात, रक्तातून औषध जातं. प्लास्टिकच्या नळीच्या पोटातून रक्त धो धो वाहतं, पण तिच्या भिंतीला ते मिळत नाही. नळातून पाणी जातं म्हणून नळाचं लोखंड काही ओलं होत नाही, तसंच. या निर्जीव भिंतीवर जंतू बसले की ते आपल्याभोवती बुळबुळीत थर तयार करतात, विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तसा. त्या थराखाली अ‍ॅंटिबायोटिक नीट पोहोचत नाही. गोळ्यांनी ताप उतरतो, लाली ओसरते, घरचे म्हणतात बरं झालं. आणि महिन्याभराने पुन्हा लस यायला लागते.

त्यातून जोड असतो जांघेत. घामाची जागा, कातडीची घडी, लघवीची जागा जवळ. जाड माणसाच्या पोटाची वळी त्यावर येऊन बसते. कातडीखाली लसिकाग्रंथी असतात. त्या कापल्या गेल्या की पाण्यासारखा स्राव साठतो. कृत्रिम नळीला जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण शंभरात एक ते सहा असं साधारण धरतात, आणि जांघेत जोड असला की ते वरच्या आकड्याकडे झुकतं.

ह्यांचं ऑपरेशन जुलै अखेरीस झालं. पाय गरम झाला, अंगठा भरून आला, दोन आठवड्यांनी टाकेही छान दिसत होते. सप्टेंबरात रोश हाशानाची तयारी चालू होती. न्यू जर्सीहून दीर-जाऊ यायचे होते, मी हलव्यासाठी नारळाचं दूध काढत होते. धुवायला टाकलेल्या पायजम्याच्या नाडीजवळ मला पिवळट डाग दिसला. विचारलं तर म्हणाले, "घाम गं." दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. मी त्यांना घेऊन जवळच्या एका तातडीच्या दवाखान्यात गेले. तिथे बुरशी म्हणून मलम मिळालं. मी त्या डॉक्टरला फारसा दोष देत नाही; आत नळी आहे हे ह्यांनी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तीस वर्षांची सिस्टर! रुग्ण घरचा असला की डोळ्यांवर कातडं येतं ते असं.

नंतर कळलं की लस येऊन तेव्हाच आठवडा झाला होता. "सण होऊ दे, मग बघू," असं ह्यांनी मनाशी ठरवलं होतं. सण झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे डाग गुलाबी होता. पूर्ण लाल नव्हता, गुलाबी. वॉर्डात अशा डागाला आम्ही फार घाबरायचो. जंतूंनी धमनी आणि नळी यांचा जोड पोखरायला घेतला की आधी थोडं रक्त येतं, आपोआप थांबतं. मग काही तासांनी किंवा काही दिवसांनी जोड फुटतो आणि माणूस काही मिनिटांत जातो. आधीचं ते थोडं रक्त म्हणजे दारावरची थाप असते. मी ह्यांना आडवं केलं, घडी केलेला स्वच्छ टॉवेल जांघेवर ठेवून तळहाताने दाबून धरला आणि सुनेला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं.

सुदैवाने ते रक्त जोडातून आलेलं नव्हतं, जखमेच्या कडेचं होतं. पण सीटी स्कॅनमध्ये नळीभोवती पाणी आणि हवेचे बुडबुडे दिसले. डेट्रॉइटच्या डॉ. सिलाजी यांनी १९७२ साली अशा संसर्गाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: पहिलीत फक्त कातडी, दुसरीत खालची चरबी, तिसरीत खुद्द नळी. आम्ही तिसऱ्या पायरीवर होतो.

सर्जन तरुण बाई होत्या. त्यांनी कागदावर पाय काढला. पूर्वीचा, आणि आजही पुष्कळ रुग्णांसाठी योग्य, उपाय म्हणजे सगळी नळी काढणे. पण नळी काढली की पायाचं रक्त बंद. म्हणून आधी दुसऱ्या, स्वच्छ वाटेने नवा रस्ता करायचा, मग जुना काढायचा. आमचा मुलगा इथल्या डेटा सेंटरमध्ये काम करतो. अ‍ॅशबर्नमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिनखिडक्यांच्या ज्या प्रचंड इमारती आहेत, त्यांतून जगाच्या इंटरनेटचा मोठा वाटा वाहतो म्हणतात. त्याला हे लगेच कळलं. म्हणाला, "आई, आम्हीही चालू लाईन तशी तोडत नाही. आधी दुसरी टाकतो, भार तिच्यावर नेतो, मग पहिलीला हात लावतो." पण ह्यांच्या बाबतीत दुसरी लाईन टाकायला शीर नव्हती, आणि नवी प्लास्टिकची नळी घालायची तर तिलाही तेच जंतू लागण्याची भीती. नळी काढली आणि रस्ता झाला नाही, तर पाय मांडीतून जाण्याची शक्यता त्यांनी स्पष्ट सांगितली. ह्यांनी ते ऐकलं आणि छताकडे बघत राहिले.

तिसरा मार्ग होता नळी जागेवर ठेवून ती वाचवण्याचा. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर हॉस्पिटलातले डॉ. फ्रँक वीथ आणि त्यांचे सहकारी यांनी निवडक रुग्णांमध्ये हे करता येतं हे पुष्कळ रुग्णांच्या अनुभवावरून दाखवलं. पण 'निवडक' हा शब्द महत्त्वाचा. नळी चालू हवी. दोन्हीकडचे जोड शाबूत हवेत, रक्तस्राव नको. जंतू रक्तात पसरून माणूस खंगलेला नसावा. आणि जंतू कोणता तेही पाहावं लागतं. स्यूडोमोनास नावाचा जंतू धमनीची भिंतच खातो, तो निघाला तर नळी ठेवण्याचा मोह टाळावा असं बहुतेक सर्जन मानतात. ह्यांच्या जखमेत साधा स्टॅफ निघाला, साध्या औषधाला दबणारा. बाकीच्या अटीही बसत होत्या.

आता ठाण्याच्या भगिनीचा प्रश्न: घाण झाकून ठेवायची का? नाही. आधी घाण काढायची. ऑपरेशन थिएटरात जखम पूर्ण उघडून मेलेलं सगळं मांस, चरबी, पू कापून काढतात, लिटरच्या लिटर सलाइनने धुतात. ह्यांना हे दोनदा केलं, मध्ये दोन दिवस सोडून. दुसऱ्या धुण्यानंतर जखम लालबुंद आणि स्वच्छ झाली, पण तिच्या तळाशी चार बोटं लांब पांढरी नळी उघडी पडलेली. मी ती पाहिली. जखमेत हाड पाहिलं होतं, आतडं पाहिलं होतं, पण नवऱ्याच्या जांघेत प्लास्टिक ठोक्याबरोबर हलताना पाहणं वेगळंच. त्या नळीवर मांस आपोआप वाढून यायला वेळ लागतो, आणि तोवर नवे जंतू येतच राहतात. कातडी ओढून शिवावी तर आत पोकळी राहते, पोकळीत पाणी, पाण्यात पुन्हा जंतू. म्हणून तिथे स्वतःचं रक्त असलेला जाड, मऊ, जिवंत मांसाचा तुकडा आणून भरायचा. तो पोकळी भरतो, नळीला चारी बाजूंनी बिलगतो, पांढऱ्या पेशी, प्राणवायू आणि अ‍ॅंटिबायोटिक घेऊन येतो. जे रक्त नळीच्या भिंतीत नाही, ते तिच्या अंगाला आणून लावायचं, इतकंच हे तत्त्व आहे.

स्नायूच का, कातडी का नाही? १९८२ साली चँग आणि मेथिस या डॉक्टरांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दोन प्रकारच्या तुकड्यांत मुद्दाम जंतू सोडले. नुसत्या कातडीच्या तुकड्यापेक्षा स्नायूसकटच्या तुकड्याने जंतूंचा बंदोबस्त पुष्कळ चांगला केला. स्नायूला रक्त जास्त असतं, हे त्याचं कारण.

या वळवलेल्या तुकड्याला फ्लॅप म्हणतात. ग्राफ्ट आणि फ्लॅप यांत वाचकांचा घोटाळा होतो, म्हणून आपल्या कोकणातली गोष्ट सांगते. फांदी तोडून दुसरीकडे लावली तर ती जगेल की नाही हे जमिनीवर अवलंबून. पण दाब कलम कसं करतात? फांदी झाडाला तशीच ठेवून वाकवतात, मातीत दाबतात, आणि मुळं फुटेपर्यंत आई-झाडाचा रस तिला मिळत राहतो. फ्लॅप म्हणजे दाब कलम. स्नायूचं एक टोक सोडवायचं, पण त्याला रक्त देणारा देठ तोडायचा नाही. देठ जगला तर फ्लॅप जगला.

हे तत्त्व काही अमेरिकेत शोधलेलं नाही. १७९२ च्या लढाईत कावसजी नावाचा इंग्रजी सैन्यातला बैल हाकणारा टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ साचा कपाळावर ठेवून रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवली आणि कातडी फिरवून खाली नाकावर आणली. कात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि त्या पट्ट्यांनी जोड बसवला. सुमारे पंचवीस दिवसांनी मधली पट्टी कापली. मुंबईचे क्रूसो आणि फिंडले हे इंग्रज डॉक्टर हजर होते, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तान्त छापून आला. तो वाचून विलायतेतले सर्जन ही विद्या शिकले. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.

देठाची गोष्ट पुढे मुंबईत आणखी एक पाऊल गेली. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर अंटिया आणि डॉ. बुच यांनी पोटावरचा तुकडा देठासकट पूर्ण सोडवून, दुसऱ्या जागी नेऊन, त्याच्या रक्तवाहिन्या तिथल्या वाहिन्यांना जोडल्या, आणि १९७१ मध्ये ते ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केलं. जगातल्या अशा अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. हेच अंटिया पुढे आपल्या अलिबागकडच्या मांडव्याला गेले आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवायला लागले. विषयांतर झालं, पण आपल्या गावाकडच्या वाचकांना ते आवडेल.

तर जांघेसाठी पहिली निवड असते सार्टोरियस नावाच्या स्नायूची. शरीरातला हा सर्वांत लांब स्नायू, कमरेच्या पुढच्या हाडापासून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो. सार्टोर म्हणजे लॅटिनमध्ये शिंपी. शिंपी मांडी घालून बसतो, आणि मांडी घालायला हा स्नायू लागतो, म्हणून ते नाव. तो नळीच्या अगदी शेजारीच असतो. वरचं टोक हाडापासून सोडवलं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटला की बरोबर धमनीवर येतो. गेला तरी चालण्यात फारसा फरक पडत नाही. इतका सोयीचा, पण त्याच्यात एक खोच आहे. मेथिस आणि नहाई यांनी १९८१ मध्ये सगळ्या स्नायूंची रक्तपुरवठ्यावरून पाच गटांत विभागणी केली. काही स्नायूंना एक मोठा देठ असतो. सार्टोरियसला तसा नाही; त्याला शिडीच्या पायऱ्यांसारखे सात-आठ लहान लहान देठ, आणि ते बहुतेक येतात मांडीच्या मुख्य धमनीतून. जास्त देठ तोडले तर स्नायू मरतो. आणि ह्यांची तर ती मुख्य धमनीच बंद! बायपास कशासाठी केला होता, तर त्याचसाठी.

हे मला आधी सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. प्लास्टिक सर्जनना अर्थातच माहीत होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "सार्टोरियस उघडून बघेन. रंग आणि रक्त आवडलं नाही तर दुसरा घेईन." दुसरा म्हणजे मांडीच्या समोरचा रेक्टस फेमोरिस. त्याचा मुख्य देठ मांडीच्या खोल धमनीच्या फांदीतून येतो, आणि ह्यांची ती धमनी स्कॅनवर छान चालू दिसत होती. मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रासिलिस हाही कामाला येतो, आणि मोठा खड्डा असेल तर पोटाचा सरळ स्नायूदेखील खाली वळवतात. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: याचा देठ कोणत्या धमनीतून येतो, आणि ती धमनी उघडी आहे का?

ऑपरेशन साडेचार तास चाललं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, सार्टोरियस फिकट होता, कापल्यावर नीट रक्त आलं नाही, तो तसाच ठेवला. रेक्टस फेमोरिस लालभडक निघाला. तो गुडघ्याकडून सोडवून, वर वळवून, नळीवर चारी बाजूंनी शिवला. वरून कातडी जमेल तेवढी जोडली, आत निचऱ्याच्या दोन नळ्या.

पुढचे तीन दिवस मी पुन्हा सिस्टर झाले. इथल्या मुली दर तासाला बारीक यंत्र लावून स्नायूतल्या रक्ताचा आवाज ऐकायच्या, फुस्स फुस्स असा. मी खुर्चीत बसून तो आवाज मोजायची. पाय जास्त दुमडू द्यायचा नाही, देठाला पीळ किंवा ताण पडता कामा नये, रक्तदाब उतरू द्यायचा नाही, सिगारेटचा धूर जवळपासही नको, कारण निकोटिनने बारीक वाहिन्या आवळतात. साखर ताब्यात. आणि खाणं! मांस भरून यायला प्रथिनं लागतात. हॉस्पिटलचं बेचव खाणं ह्यांना जाईना. सून रोज घरून मऊ भात, डाळ आणि मासळीचं पातळ कालवण आणायची.

फ्लॅप घातला म्हणजे औषध संपलं असं नाही. घरी आल्यावर सहा आठवडे दंडातल्या लांब बारीक नळीतून दर आठ तासांनी अ‍ॅंटिबायोटिक. इथे त्यासाठी रबरी चेंडूसारखे पंप मिळतात. फ्रिजमधून काढून थोडे कोमट होऊ द्यायचे, नळीला जोडायचे, की चेंडू आपोआप आक्रसत औषध आत जातं. आमच्या फ्रिजचा एक कप्पा भाजीऐवजी या चेंडूंनी भरला होता. आठवड्यातून एकदा नर्स येऊन रक्त नेई. त्यानंतर पुष्कळ महिने गोळ्या. काही रुग्णांना त्या कायमच्या घ्याव्या लागतात.

किंमतही सांगायला हवी, कारण ती आम्हाला कुणी नीट सांगितली नव्हती. रेक्टस फेमोरिस गुडघा सरळ करायला मदत करतो. तो गेल्यावर गुडघा ताठ करण्याची शेवटची दहा-पंधरा अंश ताकद कमी पडते. आमचं घर तीन मजली चिंचोळं, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. पहिला महिना ह्यांना जिना म्हणजे डोंगर. फिजिओथेरपिस्टने पलंगावर झोपून पाय सरळ ठेवून उचलायला लावला, दिवसातून तीनदा. हे कुरकुरत करायचे आणि म्हणायचे, "याकोब देवदूताशी झोंबला म्हणून लंगडला, मी प्लास्टिकशी झोंबलो." आता रेलिंग धरून चढतात. हिवाळ्यात बर्फ असलं की मॉलमध्ये, एरवी घराजवळच्या जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या पायवाटेवर रोज अर्धा तास चालतात. पोटरीत गोळा येत नाही.

आणि हा उपाय खात्रीचा नाही. फ्लॅप छान जगूनही काही रुग्णांत संसर्ग परत येतो, कधी वर्षांनी, आणि मग नळी काढावीच लागते. सर्वांनाच फ्लॅप लागतो असंही नाही. वीथ यांच्या गटाने पुष्कळ जखमा ड्रेसिंगवर भरून आणल्या. हल्ली ओढ देणारं व्हॅक्यूम ड्रेसिंगही वापरतात, पण उघड्या नळीला ते थेट चिकटवत नाहीत, रक्तस्रावाचा धोका असतो. घरी तर तशा जखमेवर हळद, तेल, लोणी, कसलीही पूड, काहीही घालू नका. वॉर्डात हळदीने पिवळ्या झालेल्या जखमा धुण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

ज्यांच्या अंगात अशी नळी आहे, त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं: जांघेत ओल, लाली, फुगवटा, ठोके देणारी गाठ, कारण नसता ताप, यांतलं काहीही दिसलं तर ज्यांनी नळी बसवली त्या सर्जनकडेच जा, आणि दुसऱ्या कोणाकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच बोला की आत नळी आहे. रक्त दिसलं तर आडवं करा, तळहाताने घट्ट दाबा, मध्ये मध्ये उचलून बघू नका आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. महाराष्ट्रात १०८, इस्रायलमध्ये १०१, इथे ९११. सण असला तरी.

ठाण्याच्या भगिनीला मी सर्जनला विचारायला चार गोष्टी लिहून दिल्या: जोड शाबूत आहेत का, जंतू कोणता निघाला, कोणता स्नायू घेणार आणि त्याला रक्त देणारी धमनी उघडी आहे का, आणि तो स्नायू गेल्यावर बाबांना चालताना काय जड जाईल. तिने त्या परवा विचारल्या. त्यांच्या सर्जननी सार्टोरियस ठरवला आहे. वडिलांची मांडीतली धमनी वरच्या भागात उघडी आहे. आमच्या ह्यांना हे सांगितलं, तर ते जमिनीवर बसून मांडी घालून दाखवायला लागले, कारण त्यांचा शिंपी स्नायू जागच्या जागी आहे ना! उठताना मला हात द्यावा लागला.

तिच्या वडिलांचं ऑपरेशन येत्या मंगळवारी सकाळी आहे. तेव्हा इथे सोमवारची रात्र असेल. फोन उशाशी ठेवते म्हणून सांगितलं आहे.